अनोळख्यासाठी लिहिलेली चाल

मी आयुष्यात पहिल्यांदा पाच रेषांवर, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहिलेली चाल ज्या व्हायोलिनवादक मुलीच्या हाती दिली, तिने तो कागद आधी जवळ धरला, मग जरा लांब धरला आणि अतिशय अदबीने विचारले, "ताई, हे मुद्दाम असं लिहिलंय का?" कागदावर जवळजवळ प्रत्येक स्वराच्या पुढे शार्पचे, म्हणजे स्वर अर्धा सूर चढवण्याचे, चिन्ह होते. चाळीच्या गॅलरीला प्रत्येक बिऱ्हाडाने आपापली जाळी ठोकावी, तशी ती ओळ दिसत होती. चाल मात्र साधी होती. मुलुंड पूर्वेच्या आमच्या महिला मंडळातल्या अठरा जणी ती चार वर्षे म्हणत होत्या आणि त्यांतल्या एकीलाही ती कधी अवघड वाटली नव्हती.

झाले होते असे, की आमचे मंडळ काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाते. पेटीवर काळी चार ही इतर कोणत्याही पट्टीइतकीच सोयीची असते. हात थोडा उजवीकडे सरकतो, एवढाच फरक. संगणकावर मी सुरुवातीची पट्टीची खूण कोरी ठेवली, षड्ज, म्हणजे सा, काळी चारवर मांडला आणि पुढचे सगळे स्वर कानाने शोधत बसवत गेले. त्यामुळे षड्ज आणि शुद्ध निषाद हे दोघे एकाच रेषेवर येऊन बसले, एक शार्प लावून आणि एक तो काढून. धैवत आणि कोमल निषाद यांचीही एकाच घरात, म्हणजे दोन रेषांमधल्या जागेत, तशीच दाटीवाटी झाली. चाल देस रागाच्या अंगाने जाणारी. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. म्हणजे ही चिन्हे लावण्याचा आणि काढण्याचा खेळ प्रत्येक ओळीत. ऐकायला सगळे बरोबर होते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो छळ होता, आणि तो माझ्या लक्षात आला नव्हता, कारण मला ती चाल वाचायची कधी गरजच पडली नव्हती.

त्या मुलीने पेन्सिल काढली, कागदाच्या डोक्यावर 'जी' असे अक्षर लिहिले आणि म्हणाली, "अर्धा सूर खाली आणाल का? पांढरी पाचला या. मग सा आणि प, दोन्ही आमच्या मोकळ्या तारांवर मिळतात." घरी येऊन मी सगळी चाल निवडली, पट्टी बदलण्याची आज्ञा दिली, आणि एका क्षणात सगळ्या जाळ्या गळून पडल्या, प्रत्येक ओळीच्या आरंभी एकुलता एक शार्प आणि कोमल निषादापुढे एक छोटे चिन्ह, एवढेच उरले. पुढच्या बुधवारी मंडळात मी काहीही न सांगता पेटी पांढरी पाचवर धरली. कोणाच्या लक्षात आले नाही. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई तेवढ्या म्हणाल्या, "आज माझा घसा बरा आहे हो."

हा सगळा खटाटोप मंडळाच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमासाठी होता. नेहमीच्या पेटी-तबल्याबरोबर या एका गाण्याला व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ, असावेत, ही कल्पना माझ्या भाच्याची. तो स्वतः गिटार वाजवतो, आणि त्याचे मित्र कोणतेही वाद्य वाजवणारे असू शकतात. त्याने विचारले, "मावशी, तू चाली करतेस, त्या लिहून का ठेवत नाहीस?" मी म्हटले, लिहिते की, आणि माझी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उलटसुलट चाळली आणि म्हणाला, "हे तुला सोडून कोणाला कळणार?" मला तेव्हा ते लागले. आता विचार करते तेव्हा वाटते, की त्याने नकळत नेमक्या जागी बोट ठेवले होते.

ती वही भातखंडे लिपीतली आहे, आणि ही लिपी मी माझ्या वडिलांकडून शिकले. वडील गिरगावात पेटी शिकवत. सकाळी नोकरी, संध्याकाळी शिकवण्या, आणि रात्री जेवणानंतर पाटावर वही ठेवून दिवसभरात सुचलेले काहीतरी उतरवणे, असा त्यांचा क्रम होता. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) हे मूळचे याच मुंबईतले, वाळकेश्वरला जन्मलेले, पेशाने वकील. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहाही भाग आमच्या दोन खोल्यांत देवाच्या फळीच्या खालच्या फळीवर असत. त्या लिपीची मांडणी इतकी काटकसरीची आहे की तिला लागते फक्त आपली देवनागरी आणि एक टाक. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली एक झोळी. शब्दातले अक्षर लांबवायचे असेल तिथे अवग्रह, समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, फुली, आणि खालीला, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या मात्रेला, शून्य. शाळेच्या चौकटींच्या वहीवर हे सगळे बसते. वडिलांच्या अशा अकरा वह्या माझ्याकडे आहेत.

या लिपीत एक गोष्ट कुठेही लिहिलेली नसते, ती म्हणजे सा नेमका कोणता. तो गाणाऱ्याचा. वडिलांच्या वहीत 'काळी एक' किंवा 'पांढरी चार' असे काही सापडत नाही. पट्टी ही त्यांच्या लेखी चालीचा भाग नव्हती, ती गळ्याची बाब होती. पाच रेषांच्या लिपीत याच्या उलट आहे. तिथे प्रत्येक रेषेला आणि प्रत्येक घराला ठरलेला सूर असतो, आणि म्हणूनच ती चाल कधीही न ऐकलेल्या माणसालाही ती वाजवता येते. आमची लिपी ज्याला चाल येते त्याला आठवण करून देण्यासाठी आहे, गुरूसमोर बसून झालेल्या शिक्षणाची ती टाचणवही आहे. पाच रेषांची लिपी अनोळख्याला उद्देशून लिहिली जाते. मला आता दोन अनोळखी माणसांना माझी चाल द्यायची होती, आणि मला पाच रेषांमधले अक्षरशः काहीही येत नव्हते.

भाच्याने माझ्या संगणकावर म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर बसवून दिले. ते फुकट आहे असे तो म्हणाला तेव्हा मला थोडी शंकाच आली, कारण या शहरात फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे आपण आधी उलटी करून पाहतो. ते फुकट तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते मुक्त आहे: त्याची आतली सगळी रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. वेर्नर श्वेअर या संगीतकार-प्रोग्रामरने २००२ साली म्यूझ नावाच्या दुसऱ्या एका संगीतविषयक प्रोग्राममधून स्वरलेखनाचा भाग वेगळा काढून त्याला स्वतंत्र केले, तिथून याचा आरंभ झाला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०११ साली आली आणि माझ्याकडे आहे ती चौथी आवृत्ती २०२२ च्या डिसेंबरातली. लिलिपाँड नावाचा आणखी एक मुक्त प्रोग्राम आहे, ज्यात स्वर अक्षरांत टंकून द्यायचे आणि छापील पान तो स्वतः मांडतो. खरे तर भातखंडे लिपीवर वाढलेल्या माणसाला अक्षरांत स्वर लिहिणे जवळचे वाटायला हवे होते, पण त्याचे महिरपी कंस आणि तिरक्या रेघा माझ्या वयाला झेपल्या नाहीत.

म्यूझस्कोरमध्ये स्वर भरणे शिकायला एक दुपार पुरते. 'एन' ही कळ दाबायची की लेखन सुरू. पाचचा आकडा दाबला की एका मात्रेचा स्वर, चारचा दाबला की अर्ध्या मात्रेचा. मग स्वराच्या नावाचे इंग्रजी अक्षर. यातले शेवटचे माझ्यासाठी सर्वांत कठीण ठरले. पट्टी पांढरी पाच, म्हणजे षड्जाचे अक्षर 'जी'. माझ्या मनात गंधार आला की बोट आपोआप 'जी'वर जाई आणि पडद्यावर षड्ज उमटे. 'ध' म्हणून 'डी' दाबावे तर पंचम येई. पन्नास वर्षे ज्या नावांनी स्वरांना हाका मारल्या, ती नावे आता दुसऱ्यांच्या दारावर लागलेली होती. पहिल्या आठवड्यात मी कळफलकावर छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, सा, रे, ग अशा. नंतर वीजबिल भरताना पासवर्ड चुकायला लागला म्हणून काढून टाकल्या.

अंतऱ्याची तिसरी ओळ लिहिताना मात्र वेगळेच काही झाले. गाणे रूपक तालात आहे, सात मात्रांचे. म्यूझस्कोरमध्ये आरंभीच ताल सांगावा लागतो, मग ते प्रत्येक आवर्तनाचे एक घर करून देते आणि त्या घराचा हिशेब डोळ्यांत तेल घालून ठेवते. आपण काही लिहिले नाही तर घर विश्रांतीच्या चिन्हाने भरलेले असते. एक स्वर लिहिला की विश्रांती तेवढीच कमी होते. आणि उरलेल्या जागेपेक्षा लांब स्वर लिहिला, तर त्याचे दोन तुकडे करून एक पुढच्या घरात ढकलते आणि दोघांना कमानीने जोडते. सातच्या जागी साडेसात होऊच शकत नाहीत. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तसेच झाले. शेवटचा रिषभ घराबाहेर सांडला, आणि पुढचा मुखडा, जो समेवर सुरू होतो याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, तो दुसऱ्या मात्रेवर जाऊन उभा राहिला.

मी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच. हाताने टाळी-खाली देत मोजले तेव्हा कधी सात यायचे, कधी आठ, कारण मोजणारीही मीच आणि गाणारीही मीच. सॉफ्टवेअर बिघडले आहे, असे मी भाच्याला कळवूनही टाकले. मग आमच्या एका जुन्या कार्यक्रमाचे फोनवरचे ध्वनिमुद्रण लावून नीट ऐकले. त्या ओळीनंतर आमच्या सगळ्या जणी मिळून एक श्वास घेतात. अठरा जणींचा तो श्वास ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो, आणि तेवढ्या वेळात तबल्यावर रूपकाचा ठेका, ती ती ना धी ना धी ना, संपल्यावर आणखी एक हलका 'ना' पडतो. आठवी मात्रा. आमच्या तबलेवाल्यांना फोन करून विचारले तर ते हसले. "ताई, ते मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. म्हटलं, बायका श्वास घेतायत, घेऊ देत."

मला त्या दिवशी झोप लागली नाही असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण मी अस्वस्थ झाले हे खरे. चाल माझी, ताल माझा, शिकवली मी, आणि तिच्यात एक मात्रा जास्त आहे हे मला सोडून दुसऱ्याला ठाऊक. वहीत मी ती ओळ सात मात्रांतच लिहिली होती. वहीतल्या लेखनाला कोणी हिशेब विचारत नाही, आणि लिहिलेले वाचताना मी तोंडाने तो श्वास आपसूक भरून काढत होते. आधी मी रिषभ एका मात्रेने तोडून ओळ सातात बसवली. कागदावर ती निर्दोष झाली. बुधवारी म्हणून पाहिले तर मुखड्याच्या पहिल्या शब्दाला निम्म्या जणींचा आवाजच नव्हता. मंडळातल्या बायकांचे सरासरी वय पासष्टच्या पुढे आहे. हिशेबासाठी त्यांचा श्वास कापणे मला बरे वाटले नाही. अखेर मी ते एकच घर आठ मात्रांचे केले, त्याच्या आधी तालाचा आकडा बदलला आणि नंतर पुन्हा सातावर आणला. शास्त्र सांभाळणाऱ्या माणसाला हे पटणार नाही आणि वडिलांनाही पटले नसते. व्हायोलिनवाल्या मुलीला भीत भीत विचारले, तर ती म्हणाली, "लिहिलंय ना? मग काय प्रश्न आहे?"

पहिली एकत्र तालीम वांद्र्याला ठेवली होती, कारण चेलो घेऊन लोकलने मुलुंडला येणे हे माणसाचे काम नाही. मी दादरला गाडी बदलून, कागदांचे पाकीट छातीशी धरून पोचले. चेलो वाजवणारा मुलगा वांद्र्याच्या गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातला, घरात मराठी बोलणारा. त्याने कागद स्टँडवर लावला, चार घरे वाजवली आणि थांबला. "आंटी, हे झीरो कशाला? ही नोट ओपनवर येतच नाय."

शून्य मी लिहिले होते. रूपक हा असा ताल आहे की ज्याची समच खाली असते; पहिल्या मात्रेवर टाळी नाही, भार नाही, हात मोकळा सुटतो. हे सांगायला पाच रेषांच्या लिपीत चिन्ह मला सापडले नाही, म्हणून मी माझ्या वहीतली सवय इथे आणली होती आणि प्रत्येक घराच्या पहिल्या मात्रेवर शून्य, चौथीवर एक, सहावीवर दोन, असे इंग्रजी आकडे टंकले होते. तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांसाठी हे आकडे बोटांचे असतात. शून्य म्हणजे मोकळी तार, एक म्हणजे पहिले बोट, दोन म्हणजे दुसरे. म्हणजे माझ्या तालाच्या खुणांना तो बिचारा बोटांच्या सूचना समजून चालला होता आणि मनात म्हणत असणार, की या बाईंनी कधी चेलो पाहिला आहे का. समेची फुली मी वापरली नव्हती हे नशीब. तीच फुली स्वराच्या पुढे पडली तर तिथे दुहेरी शार्प होतो.

शून्ये काढून टाकली, तरी मूळ प्रश्न उरलाच. पाच रेषांवर वाढलेला वादक घराची पहिली मात्रा भाराने वाजवतो. ते त्याच्या हातातच असते. त्याने रूपकाच्या पहिल्या मात्रेवर गज असा टेकवला की तो रूपक उरलाच नाही. मी त्याला गाऊन दाखवले, तबल्याचा ठेका तोंडाने म्हणून दाखवला, पहिल्या 'ती'वर हात कसा हवेत जातो ते करून दाखवले. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आले आणि त्याचा गज पहिल्या मात्रेवरून असा निसटला की मला वडिलांचा डावा हात आठवला, भात्यावरचा. कागदावर मात्र त्याने पेन्सिलीने फक्त 'हलकं' असे लिहिले. आठ मात्रांच्या घरावर त्याने काय लिहिले होते ते मला नंतर दिसले: 'लेडीज ब्रीद'.

त्याच तालमीत पान उलटण्याचा घोटाळा झाला. मुलुंड स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी कागद पाठपोट छापून घेतले होते, काटकसर म्हणून. अंतऱ्याच्या ऐन मध्यात पान संपले. चेलोवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले, मी धावत जाऊन पान उलटायला गेले आणि स्टँड पाडला. पान तिथे संपवायचे जिथे वाजवणाऱ्याला विश्रांती आहे, हे तेव्हा समजले. म्यूझस्कोरमध्ये हव्या त्या घरानंतर पान तोडण्याची सोय आहे, एका कळीची. तिचा अर्थ कळायला पडलेला स्टँड लागला.

परतताना गाडीत मी त्या माणसांचा विचार करत होते, ज्यांना हे सगळे हाताने करावे लागत असे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात अनेक संगीतकारांच्या चाली पेटीवर आणि तोंडात असत. त्या साठ-सत्तर वादकांच्या कागदांवर उतरवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर गोव्याहून आलेल्या संगीतकारांनी केले; त्यांना अरेंजर म्हणत. सबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली माहीत असलेली नावे. धोबी तलावच्या परिसरात गोव्याच्या गावागावांचे 'कूड', म्हणजे गावकऱ्यांची सामाईक बिऱ्हाडे, होते, तिथे यांपैकी कित्येक नव्याने आलेले वादक राहत. आणि वाद्ये व कोरे रेषांचे कागद घ्यायला फुर्ताडोजसारखे दुकान, १८६५ पासूनचे, तिथेच हाकेच्या अंतरावर. गोन्साल्विसांनी तर १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना पूर्ण वाद्यवृंदाकडून सादर करवल्या होत्या. मी दोन वाद्यांसाठी जे करताना रडकुंडीला आले, ते त्यांनी शंभराच्या घरातल्या वादकांसाठी शाईने केले असणार. वडील ज्या गिरगावात पेटी शिकवत, तिथून धोबी तलाव पायी पंधरा-वीस मिनिटांवर. तरी त्यांनी पाच रेषा कधी शिकून घेतल्या नाहीत, आणि मलाही ते कधी नवल वाटले नव्हते. दोन्ही वस्त्यांमध्ये एक रस्ता होता आणि दोन लिप्या होत्या.

सॉफ्टवेअरने त्या अरेंजरची खुर्ची माझ्या स्वयंपाकघरालगतच्या टेबलाशी आणून ठेवली, पण त्याचे कान काही दिले नाहीत. काही गोष्टी ते सांगते. चेलोसाठी मी षड्जाखाली उतरत जाणारी एक ओळ लिहिली होती. तिच्यातला मंद्र गंधार पडद्यावर लाल झाला. चेलोची सर्वांत खालची मोकळी तार माझ्या हिशेबाने मंद्र मध्यमाची, तिच्याखाली वाद्यच नाही. ही सूचना मोलाची. पण व्हायोलिनवर मी लागोपाठ सोळा घरे न थांबता लिहिली तेव्हा ते एक शब्द बोलले नाही, आणि वाजवून मात्र फार गोड दाखवले. वाजवून दाखवण्याची ही सोय पहिल्या महिन्यात मला व्यसनासारखी लागली होती. यंत्राला फुप्फुसे नसतात, खांदा दुखत नाही, ते कशालाच नाही म्हणत नाही. देसमधली रिषभावरून षड्जावर घसरत येणारी मींड मी पियानोच्या आवाजात ठेवून दोन स्वरांमध्ये एक तिरकी रेघ ओढली, तेव्हा ते त्या रेघेवरून एकेक पायरी वाजवत उतरले, वाडग्याने जिन्यावरून गडगडत यावे तसे. एखादा स्वर किंचित चढवायचा किंवा उतरवायचा असेल तर तेही आकड्यात सांगता येते, अर्ध्या सुराचे शंभर भाग करून. मी एका रात्री कोमल निषाद वीस भागांनी उतरवून ऐकला. उतरलेला होता. पण आंदोलत नव्हता, जागच्या जागी थिजलेला होता. तो नाद मी सोडला आणि त्या जागी तिरकी रेघही ठेवली नाही. व्हायोलिनवाल्या मुलीला गाऊन दाखवली. तिने डोळे मिटून दोनदा ऐकली आणि वाजवली.

कार्यक्रम झाला. बरा झाला. श्वासाच्या घरात कोणी चुकले नाही.

त्यानंतर मी वडिलांच्या वह्या म्यूझस्कोरमध्ये उतरवायला घेतल्या. वह्यांचे कागद पिवळे पडले आहेत, दोन वह्यांना वाळवी लागून गेली आहे, हे कारण आहेच. दुसरे कारण असे, की १९८८ पासून जगभर वापरले जाणारे फिनाले हे मोठे, विकतचे स्वरलेखन सॉफ्टवेअर २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या निर्मात्यांनी बंद केल्याचे जाहीर केले, आणि भाच्याच्या ओळखीच्या लोकांत त्या दिवसांत फार धावपळ उडाली. म्यूझिकएक्सएमएल नावाची एक सामाईक, खुली पद्धत आहे, तिच्यात जपून ठेवलेले लेखन स्वरलेखनाच्या बहुतेक प्रोग्रामांना वाचता येते. मी प्रत्येक चाल दोन प्रकारे साठवते, एकदा म्यूझस्कोरच्या स्वतःच्या पद्धतीत आणि एकदा या खुल्या पद्धतीत, आणि शिवाय छापून ठेवते, कारण मी शेवटी कागदाच्या जमान्यातली बाई आहे.

उतरवताना प्रत्येक चालीला पट्टी द्यावी लागते. वडिलांनी दिली नव्हती, ती मी देते. बहुतेक ठिकाणी काळी एक, कारण ते स्वतः काळी एकमध्ये गात; पण इथे वाचणाऱ्याची सोय म्हणून ती मी पांढरी दोनवर नेते, आणि प्रत्येक वेळी आपण त्यांचा आवाज अर्धा सूर वर ओढला असे वाटून बोट जरा थबकते. शब्द मात्र देवनागरीत सुंदर बसतात. जिथे त्यांनी अवग्रह घातले आहेत, तिथे आता स्वराखालून एक बारीक आडवी रेघ जाते.

सातव्या वहीत एक चाल आहे, रूपकातलीच, जात्यावरच्या गाण्याच्या वळणाची. शब्द आजीकडून आलेले असावेत. स्थायी पूर्ण लिहिलेली, पहिल्या अंतऱ्याच्या दोन ओळी लिहिलेल्या, आणि तिसऱ्या ओळीच्या एका आवर्तनात सात मात्रांच्या जागी एकही स्वर नाही. तिथे वडिलांनी बारीक अक्षरात लिहिले आहे, 'येथे आईसारखे म्हणणे'. त्यांना ते सगळे ऐकू येत असणार, मग कशाला लिहायचे. आजी मी चार वर्षांची असताना गेली. आत्या होती तोवर तिला विचारता आले असते, पण तेव्हा मी ही वही इतक्या बारकाईने वाचली नव्हती.

त्या घरात मी काही भरले नाही. न भरलेल्या घरात म्यूझस्कोर आपोआप पूर्ण विश्रांतीचे चिन्ह ठेवते, वरून दुसऱ्या रेषेला लोंबणारा एक काळा ठोकळा. त्याच्या डोक्यावर मी वडिलांचेच शब्द टंकले आहेत. वाजवायला लावले की यंत्र तिथे सात मात्रा गप्प राहते आणि मग काहीच न झाल्यासारखे पुढच्या ओळीवर जाते. तेवढ्या सात मात्रांत मी तोंडाने काहीतरी म्हणून पाहते. दर वेळी वेगळे येते.